तुम्ही विचारलंत म्हणून: बाणाला दिवा कशासाठी लावायचा?

धनुष्यबाणाने शिकार करण्याच्या मार्गाला नव्याने लागलेली माणसे मला हटकून एक प्रश्न विचारतात: बाणाच्या मागच्या टोकाला उजळणारा नॉक लावावा का, आणि लावला तर हरीण तो पाहून बिचकणार नाही का? हरवलेला बाण शोधण्यासाठीच हा दिवा असतो, अशी बहुतेकांची समजूत असते. बाण सापडतो हे खरेच आहे. पण माझ्या मते या वस्तूचे खरे मोल बाण सुटल्यानंतरच्या काही तासांत कळते, आणि म्हणून माझे उत्तर ‘अवश्य लावा’ असे असते. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. मी लिहितो आहे ते उत्तर अमेरिकेत परवाना घेऊन केल्या जाणाऱ्या, मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीविषयी.)

नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाचा, प्रत्यंचेवर बसणारा खाचेचा भाग. उजळणाऱ्या नॉकमध्ये पारभासी प्लास्टिकच्या आत एक एलईडी असतो आणि त्याला जोडलेली काडीसारखी बारीक लिथियम बॅटरी शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या दांड्याच्या, पोकळीत राहते. रात्री गळ टाकणारे लोक तरंग्यात घालतात त्याच जातीची. सुटलेली प्रत्यंचा नॉकला ज्या जोराने पुढे रेटते, त्या रेट्यानेच आतला स्विच जुळतो आणि दिवा लागतो. बाण चढवलेला असताना आणि नेम धरलेला असताना तो विझलेलाच असतो, आणि लागतो तेव्हा बाणाच्या मागच्या टोकाला असतो. हरणाला बाण समोरून येताना दिसायचा झाला तरी त्याच्याकडे ब्रॉडहेडचे, म्हणजे बाणाच्या पुढच्या धारदार पात्याचे, टोक असते, दिवा नव्हे.

हरीण बिचकते ते आवाजाने. कंपाउंड धनुष्याचा (टोकांना चाके असलेल्या आधुनिक धनुष्याचा) बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर जातो, तर ध्वनी ३४० मीटर. म्हणजे २५ मीटरवरच्या हरणाला प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या जवळजवळ पाव सेकंद आधी पोहोचतो, आणि तेवढ्या अवधीत ते उडी घेण्यासाठी अंग खाली दबवते. शिवाय हरणांच्या डोळ्यांना निळा रंग चांगला कळतो, पण लाल प्रकाश फारच कमी जाणवतो. दिव्यामुळे शिकार हुकेल ही भीती त्यामुळे मी मनावर घेत नाही.

आता मूळ मुद्दा. बाण नेमका कुठे लागला, यावर शिकाऱ्याचा पुढचा प्रत्येक निर्णय अवलंबून असतो, आणि तिन्हीसांजेला काळ्या कार्बन शाफ्टचा बाण डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. हृदयात किंवा दोन्ही फुप्फुसांत लागला असेल तर अर्धा तास थांबून मागावर निघता येते. यकृतात लागला असेल तर ४ ते ६ तास थांबावे लागते. पोटात किंवा आतड्यात लागला असेल तर ८ ते १२ तास. जखमी जनावर पहिल्यांदा जिथे बसते तिथेच त्याला शांतपणे मरू द्यायचे असते. घाईने मागे लागलेल्या माणसामुळे ते उठले की रक्ताचा माग तुटतो आणि ते वेदना सोसत दूर कुठेतरी मरते, कुणालाही न सापडता. हे टाळणे ही माझ्या दृष्टीने शिकाऱ्याची पहिली जबाबदारी आहे. खांद्यामागे शिरलेली प्रकाशाची रेघ आणि बरगड्यांच्या शेवटी, पोटाकडे शिरलेली रेघ यांतला फरक त्या क्षणी डोळ्यांनी टिपला, तर अर्धा तास थांबायचे की रात्रभर, हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

बाण आरपार गेला असेल तर दिवा पलीकडच्या गवतात चमकत राहतो, आणि बाण हाती आला की दुसरी साक्ष मिळते. फुप्फुसातून गेलेल्या बाणावर लालभडक रक्तात बारीक बुडबुडे दिसतात. यकृताचे रक्त गडद, काळपट लाल असते. आतड्यातून गेला असेल तर पिसांवर हिरवट-तपकिरी ओशट थर बसतो, आणि नाकाशी धरल्यावर वासाने शंका उरत नाही. उजेड हरणाबरोबरच पळत गेला, तर बाण अंगात अडकला आहे, पलीकडे जखम नसण्याचा संभव मोठा आणि जमिनीवर रक्त कमी मिळणार, हेही तिथल्या तिथे समजते.

मात्र डोळ्यावर पूर्ण विसंबू नये. झाडावरच्या मचाणातून मारलेला बाण तिरका खाली येतो आणि दिवा त्याच्या मागच्या टोकाला असतो, म्हणून जखम प्रत्यक्षात आहे त्याहून वर झाल्यासारखी वाटते. उजेडाने बाण कुठे शिरला एवढेच कळते. जनावर तिरके उभे असेल तर तो कुठून बाहेर पडला, हे त्याच्या उभे राहण्यावरून ताडावे लागते. आघाताचा आवाज आणि जनावर ज्या चालीने पळाले ती चाल, या दोन्ही खुणा दिव्याइतक्याच लक्षात ठेवाव्यात.

वजनाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो फार कमी जण विचारतात. साधा नॉक १० ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) आसपास असतो, उजळणारा २० ते २५ ग्रेनचा. ही भर बाणाच्या अगदी शेवटच्या टोकाला पडते. समजा, बाण २८ इंच लांब, ४२० ग्रेन वजनाचा आहे आणि त्याचा तोलबिंदू मध्यापासून लांबीच्या १२ टक्के पुढे आहे. मागे १२ ग्रेन वाढले की तो साधारण १० टक्क्यांवर येतो. तेवढ्याने बाण भरकटतोच असे नाही, पण त्याच्या उडण्यात फरक पडतो. १०० ग्रेनच्या ब्रॉडहेडऐवजी १२५ ग्रेनचा लावला की तोल पुन्हा १२ टक्क्यांच्या थोडा वर जातो. मात्र शाफ्टचा ताठपणा या वाढीला पुरेसा आहे ना, ते पाहावे लागते. म्हणूनच सरावातही त्याच वजनाचा नॉक वापरावा. साध्या नॉकने नेम बसवून हंगामाच्या आदल्या दिवशी दिवे लावणाऱ्यांना मी स्पष्टपणे अडवतो.

नॉक शाफ्टच्या आतल्या व्यासाला आणि प्रत्यंचेच्या जाडीला, दोन्हींना नेमका बसला पाहिजे. सैल असेल तर तो वेळेआधीच पेटतो किंवा बाण प्रत्यंचेवरून निसटतो. कमी ताकदीच्या धनुष्यावर प्रत्यंचेचा रेटा अपुरा पडून दिवा लागतच नाही, असेही होते. क्रॉसबोच्या (बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेल्या आडव्या धनुष्याच्या) बाबतीत तर उत्पादकाने सांगितलेल्या आकाराचाच नॉक घ्यावा, कारण चुकीच्या नॉकमुळे प्रत्यंचा बाणाच्या वरून सुटू शकते आणि ते वापरणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. बॅटरीला थंडी सोसत नाही, म्हणून कडाक्याच्या दिवसांत मी निघण्यापूर्वी प्रत्येक दिवा एकदा लावून पाहतो.

दिव्यामुळे आणखी दहा मिनिटे उशिरापर्यंत बाण मारता येईल का, असेही कुणी कुणी विचारतात. अजिबात नाही. हरणाची बरगडी आणि धनुष्यावरची नेमाची पिन ज्या उजेडात स्पष्ट दिसत नाही, त्या उजेडात बाण सोडल्यानंतर पेटणारा दिवा काहीच मदत करत नाही. बाणावर विजेवर चालणारे काहीही नको, असा नियम पश्चिमेकडील काही अमेरिकन राज्यांत पूर्वी होता. धनुष्याने मारलेल्या मोठ्या जनावरांच्या नोंदी ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबने उजळणारे नॉक २०१४ मध्ये मान्य केले. क्लबची मान्यता म्हणजे राज्याचा कायदा नव्हे. म्हणून ज्या राज्याचा परवाना काढाल, तिथली त्या वर्षाची नियमपुस्तिका नॉक विकत घेण्याआधी वाचा.

राहिला रंग. मंद प्रकाशात माणसाच्या डोळ्याला हिरवा लालपेक्षा लवकर दिसतो, आणि ज्यांना लाल-हिरव्यातला भेद नीट कळत नाही त्यांना गळालेल्या तांबूस पानांत लाल ठिपका शोधणे अवघड जाते. मी हिरवाच घेतो. तुम्ही मात्र दोन्ही रंग संध्याकाळी गवतात ठेवून, तीस-चाळीस पावलांवरून पाहून ठरवा.