खुराड्यातलं रात्रीचं पाणी: एप्रिल ते जून

सध्याचा गोतावळा: गिरिराजा जातीच्या सात कोंबड्या, गावरान तीन आणि एक कोंबडा. खुराडं सहा बाय चार फुटांचं, खाली बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या भातगिरणीतलं तूस चार बोटं जाड.

एप्रिल, पहिला आठवडा

उन्हं तापली म्हणून रात्री चार लिटरचा लाल तळाचा ड्रिंकर (ताटलीवर उपडं बसणारं पाण्याचं भांडं) आत ठेवायला लागलो. आईनं दारातूनच विचारलं, "रातच्याला कुणाला पाणी पाजूलालास रे? झोपल्यावर कोंबड्या पाणी पिऊलाल्यात व्हय?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आठ दिवसांत फळ मिळालं. उभ्यानं काही जाणवत नव्हतं, पण अंडी काढायला वाकलो आणि डोळे चुरचुरले. अमोनियाचा वास कोंबडीच्या उंचीवर जाऊन घ्यायचा असतो, हे तेव्हा कळलं. ड्रिंकरभोवतीचं तूस मुठीत दाबलं तर लाडू वळला. चांगलं तूस मूठ उघडली की मोकळं सुटतं. ओल्या, उबदार तुसात रक्ती हगवणीचे जंतू तयार होतात, म्हणून तेवढा भाग घमेल्यानं काढून उकिरड्यावर टाकला. ड्रिंकरच्या कडेला उंदराच्या लेंड्याही सापडल्या. उंदीर आला की मागोमाग साप, हे शेतात राहणाऱ्याला सांगायला नको.

एप्रिल, तिसरा आठवडा

आईचं खरं की माझं, ते मोजूनच बघू म्हटलं. सारखी दोन भांडी घेतली. एक आत, दुसरं जाळीबाहेर, म्हणजे वाफ होऊन किती जातं तेही कळेल. पाच रात्री बॅटरी घेऊन पहाटे पाचला उठलो. (घरचे काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.)

अंधार पडल्यापासून पाचपर्यंत दोन्ही भांड्यांतलं पाणी जवळपास सारखंच उतरलेलं. म्हणजे कोणी प्यायलंच नव्हतं. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती दांडीवरून उतरत नाही. पण साडेसातला दार उघडायला गेलो तर आतलं भांडं अर्धा-पाऊण लिटरनं खाली. सगळी तहान फटफटल्यानंतरची.

म्हणजे आई बरोबर होती, पण अर्धीच. मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि त्यात पाणी जातं. शिवाय अंड्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. दांडीवर चढण्याआधी ती पोटभर पिऊन घेते आणि उतरल्यावर पहिल्यांदा पाणीच शोधते. आपल्याकडे मे महिन्यात पावणेसहालाच फटफटतं. साडेसातला उठणाऱ्या मालकाच्या कोंबड्या तोवर कोरड्याच. पहाटे उठून दार उघडणाऱ्याला आत पाणी ठेवायची काही गरज नाही. मी त्यातला नाही.

मे

पाणी पहाटे मिळायला हवं, पण तुसावर सांडायला नको. खडेबाजारातून चार निपल (चोचीनं पिन टोचली की थेंब सोडणाऱ्या छोट्या तोट्या) आणले, रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादलीला खालून पाईप जोडला, बादली खुराड्याबाहेर टांगली आणि पाईप आत घेतला. बादलीच्या दाबावर चालणारे निपल वेगळे मिळतात, तेच घ्या. मोटारीच्या लाईनचे इथं नीट चालत नाहीत. उंची अशी की कोंबडीनं मान वर ताणली तर चोच टेकावी. खाली ठेवलं तर बाजूनं टोचतात आणि ठिबकत राहतं.

पहिल्या दिवशी झकास. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या निपलपाशी गोळा, टकटक टकटक टोचतायत, थेंब नाही. बादली अर्धी भरलेली. पाईप फुंकला, निपल काढून पाहिले, कचरा नाही. शेवटी चिडून झाकण उचललं तर 'फुस्स' आवाज आला आणि चारी निपल चालू. रात्री धूळ पडू नये म्हणून मीच झाकण गच्च दाबलं होतं. पाणी खाली जायला वरून हवा आत यायला हवी. झाकणाला खिळा तापवून भोक पाडलं, वर बारीक जाळी चिकटवली.

गंमत अशी की लाल तळाच्या ड्रिंकरचं बरोबर उलटं. तिथं वरून हवा शिरली की संपलं. तळाजवळच्या भोकापर्यंत पाणी चढलं की हवा आत जायची थांबते आणि पाणी अडून राहतं. एप्रिलमध्ये माझं तूस भिजलं ते कोंबड्यांनी सांडल्यामुळे नव्हे. ड्रिंकरला वरच्या बाजूला केसाएवढी चीर होती. बादलीत बुडवल्यावर बुडबुडे आले तेव्हा दिसली. दुसरं कारण, जमीन एका अंगाला उतरती होती. आता दिवसा अंगणात नवा ड्रिंकर फरशीच्या तुकड्यावर ठेवतो, पाणसळ लावून.

शिकवणीचं म्हणाल तर गिरिराजा एका दिवसात शिकल्या, निपलची चकाकती पिन दिसली की टोचतातच. गावरान तिघी मात्र तीन दिवस अंगणातल्या खानापुरी मातीच्या कुंडीवर अडून बसल्या. त्यांना बोल लावत नाही, कुंडीतलं पाणी गारही असतं. बादली पश्चिमेला होती तोवर दुपारी पाणी चहासारखं तापायचं. आता उत्तरेला, वर ओलं पोतं.

जून

पाऊस धरला. तूस अजून मोकळं आहे, वास नाही. खरी परीक्षा जुलैत, तेव्हा हवाच ओली असते.

एक गावरान खुडूक होऊन नऊ अंड्यांवर बसलीय. ती दिवसातून एकदाच उठते, चार घोट पिते, शिट टाकते, परत बसते. निपलपर्यंत जायला तिला वेळ नसतो, म्हणून हातभर अंतरावर मातीची पणतीवजा वाटी ठेवलीय, विटेला टेकवून. घरट्याला चिकटून ठेवली होती तर पहिल्याच दिवशी तिनं पेंढा भिजवला.

आज बारावा दिवस. एकविसाव्याला पिल्लं निघाली तर त्याच वाटीत बुडायची भीती, म्हणून तिच्यात टाकायला आईनं ओढ्यातले बोटभर गोटे आणून धुवून ठेवलेत.