पॉलिसी घेताना डोळ्यांचं पान वाचा

साताऱ्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. साठीच्या पुढचं गिऱ्हाईक आलं की नंबर काढताना विम्याचा विषय निघतोच. "ताई, पाच लाखांची पॉलिसी आहे, हे बिल त्यात बसेल ना?" नाही बसत. चष्मा नाही, आणि बहुतेक पॉलिस्यांत डोळ्यांच्या डॉक्टरांची साधी तपासणीही नाही. आपल्याकडचा आरोग्य विमा ॲडमिट होणाऱ्या माणसासाठी बेतलेला. म्हातारपणी डोळ्यांवर होणारा खर्च मात्र तपासणीच्या फीत, औषधांच्या दुकानात आणि आमच्या काउंटरवर होतो.

मोतीबिंदूचं त्यातल्या त्यात बरं. त्याच दिवशी घरी सोडलं तरी ऑपरेशन डे-केअरमध्ये, म्हणजे रात्रभर ॲडमिट न राहता होणाऱ्या उपचारांत, धरतात आणि विमा ते देतो. पण बहुतेक पॉलिस्यांत त्यासाठी आधी 2 वर्षं थांबावं लागतं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितल्यावर पॉलिसी काढायला धावून उपयोग नाही. शिवाय रकमेवर मर्यादा असते. 2020 मध्ये आलेल्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत एका डोळ्याला विम्याच्या रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000 रुपये, यातलं जे कमी तेवढंच मिळतं. म्हणजे विमा एक लाखाचा असेल तर 25,000. दूरचं आणि जवळचं दोन्ही दिसावं म्हणून महागडी मल्टिफोकल लेन्स बसवायची तर वरचे पैसे सहसा आपलेच.

माझा जीव तुटतो तो काचबिंदूच्या पेशंटसाठी. हा आजार बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. आधी बाजूची नजर जाते आणि गेलेली परत येत नाही. थेंब रोज घालायचे, बहुधा जन्मभर. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या घेता घेता पेन्शन संपायची आणि महिनाअखेरीला थेंब बंद व्हायचे. तक्त्यावरची शेवटची ओळ ते खणखणीत वाचायचे, म्हणून त्यांना वाटायचं, सगळं ठीक आहे. बाजूने आलेली मोटरसायकल मात्र त्यांना दिसत नाही, हे त्यांच्या मंडळींनी मला सांगितलं. उद्या गुरुजी पडले आणि खुबा मोडला, तर त्या ऑपरेशनचे पैसे विमा देईल. पडू नयेत म्हणून लागणाऱ्या थेंबांचे देणार नाही. हे मला पटत नाही, आणि ज्येष्ठांच्या पॉलिस्या आखणाऱ्यांनी ते बदलायलाच हवं.

मधुमेह असेल तर नीट दिसत असतानाही वर्षातून एकदा डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी लागते. ती बहुतेकांना खिशातूनच करावी लागते. पडद्यासाठी डोळ्यात द्यावं लागणारं इंजेक्शन विमा नियामकाच्या 2019 च्या सूचनांनंतर पॉलिस्यांत आलं, तरी त्यालाही अनेक ठिकाणी मर्यादा आहे.

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतलं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात, आणि आधीपासूनच्या आजारासाठी थांबावं लागत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यात होतं, फक्त रुग्णालय योजनेतलं आहे का ते आधी विचारा. ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता केलेली तपासणी आणि औषधं, आणि चष्मा तिथेही नाही. चष्म्यासाठी, वय 65 च्या वर आणि कुटुंबाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल, तर राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. तिचे 3,000 रुपये खात्यात येतात आणि साध्या बायफोकलला ते पुरून उरतात.

आईवडिलांसाठी पॉलिसी घेताय ना? मग एजंटला विचारा: मोतीबिंदूसाठी किती थांबायचं, एका डोळ्याला किती रुपये, ओपीडीची जोड घेतली तर तपासणी, थेंब आणि चष्मा त्यात येतात का. तोंडी "हो" वर थांबू नका, पॉलिसीतलं ते पान उघडून दाखवायला सांगा. हप्त्यात थोडे पैसे जास्त गेले तरी ओपीडीची जोड असलेली घ्या, विशेषतः घरात काचबिंदू किंवा मधुमेह असेल तर.