गांबोआच्या डबक्याकाठी

पनामा कालव्याला चाग्रेस नदी मिळते तिथे गांबोआ हे छोटंसं गाव आहे. एकेकाळची कालव्याच्या कामगारांची ही वसाहत. आता स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेच्या संशोधन केंद्रामुळे जगभरचे बेडूकवेडे इथे येतात. बेडकांच्या वर्तनावर काम करणाऱ्या मैत्रिणीच्या मागे लागून मीही गेले.

रानात शिरण्याआधी बुटांचा चिखल खरवडून तळवे जंतुनाशकात बुडवायचे. कारण कायट्रिड. ही बुरशी बेडकाच्या कातडीत शिरते, शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडवते आणि शेवटी हृदय बंद पडतं. 2019 मधल्या जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे उभयचरांच्या किमान 501 जाती घटल्या, त्यांतल्या 90 नामशेष झाल्या असाव्यात. हे ऐकल्यावर बूट मी दुसऱ्यांदा घासले. प्रत्येक बेडकाला नवे हातमोजे, हाही नियमच.

डबक्यापाशी पोचलो तर सगळे नर चिडीचूप. दिवे मालवून बसलो, तेव्हा कुठे एकाने सुरुवात केली. टुंगारा बेडूक जेमतेम 3 सेंटीमीटरचा, पण गळ्याची पिशवी फुगली की अंगापेक्षा मोठी दिसते. आधी घसरत खाली येणारा लांब सूर, मग शेपटाला 'चक्'. शेजारी स्पर्धक ओरडला की 'चक्' वाढतात. माद्यांना ते आवडतात आणि बेडूकखाऊ वटवाघळांनाही! शेजारी एका जोडीतला नर ताक घुसळावं तसा मागचे पाय मारत अंड्यांसाठी फेस काढत होता. फक्त त्यालाच आमची पर्वा नव्हती.

रेकॉर्ड केलेली बेडकांची हाक वाजवायला मैत्रिणीने स्पीकर काढला, पण गाणाऱ्या नरांपासून बराच लांब मांडला.

"जवळ लावला तर उत्तर छान मिळेल की," मी म्हटलं.

"मिळेल ना. पण तो चेकाळून 'चक्' वाढवणार आणि वटवाघूळ त्यालाच उचलणार. स्पीकरचं काय जातंय?"

बेडकांची बोटं छाटून खुणा करण्याची जुनी पद्धतही तिला मान्य नाही. ती शक्य तिथे पोटावरच्या नक्षीचे फोटो काढून बेडूक ओळखते. वेळखाऊ काम आहे, आणि ती त्याबद्दल मनसोक्त कुरकुरते.

थोड्याच वेळात स्पीकरवरून एक सावली फिरली, मग पुन्हा. तिने लगेच आवाज बंद केला. त्या रात्रीची निम्मी नोंद रद्द झाली. कारणाच्या रकान्यात तिने 'वटवाघूळ' लिहिलं आणि वायर गुंडाळायला घेतली.