न झाडलेला कोपरा

३ मे, रविवार. रत्नागिरी

आज जवळजवळ सात आठवड्यांनी मागच्या गॅलरीतल्या तारेवर टॉवेल वाळत घातला, आणि तोही एकाच टोकाला. कारण दुसऱ्या टोकाला शिंजिराचे, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या त्या इवल्याशा पक्ष्याचे, रिकामे घरटे अजून लोंबते आहे आणि ते काढून टाकायला हात धजावत नाही.

प्रकरण सुरू झाले पाडव्याच्या साफसफाईत. लांब दांड्याचा झाडू घेऊन मी गॅलरीतली जळमटे काढायला गेले, तर खिडकीच्या गजांमधल्या कोळ्याच्या जाळ्यासमोर एक चिमुकली पक्षीण हवेत थरथरत उभी होती. पोट फिकट पिवळे, गळा राखाडी, चोच बारीक आणि खाली वाकलेली. तिने जाळ्याचा एक धागा चोचीत धरून ओढला. तो तुटेना तशी ती मागे मागे सरकत गेली, जाळे ताणले गेले आणि एकदम सुटून तिच्या चोचीभोवती चिकटले. मग ती कपड्यांच्या तारेवर बसली आणि चोच तारेला या बाजूने, त्या बाजूने पुसू लागली. मला वाटले, बिचारी तोंड स्वच्छ करते आहे. दहा मिनिटांनी पाहिले तेव्हा तारेला पांढऱ्या धाग्यांचा वेढा पडलेला होता. ते पुसणे नव्हते, घराचा पाया घालणे होते.

“राहू दे गो ती जळमटं,” सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “जळमटं दिसली म्हणून पाडवा काही परत जायचा नाही.” त्यांचे सारे आयुष्य राजापूरकडच्या कौलारू घरात गेलेले; सणाच्या आदल्या दिवशी जळमटे राहू द्यावीत असे त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले.

पुढचे आठ-दहा दिवस विणकाम चालले. वाळक्या गवताचे तंतू, कापसासारखा काहीतरी भुरा, सालीचे कपटे आणि या सर्वांना धरून ठेवणारे कोळ्याचे धागे, असे ते हातभर अंतरावरून पाहिले तरी कचराच वाटावे असे घरटे होते. वरच्या अंगाला एका बाजूने दार, दारावर पागोळीसारखी छोटीशी झडप. बाहेरून सालीचे तुकडे लोंबत ठेवलेले असल्यामुळे वाऱ्याने अडकलेले जळमट आणि हे घर यांत फरक करणे अवघड होते, आणि तेच त्यातले शहाणपण होते.

या सगळ्यात मला थोडी लाज वाटली, हेही लिहून ठेवते. गेल्या वर्षी मी पक्ष्यांसाठी हौसेने प्लॅस्टिकचे खाद्यपात्र आणले, त्यात बाजरी घातली आणि बुलबुल, दयाळ, साळुंख्या येतील म्हणून वाट पाहिली. आली ती कबुतरे. आठवडाभरात गॅलरी त्यांच्या विष्ठेने भरली, खालच्या मजल्यावरून तक्रार आली, आणि ती वाळलेली विष्ठा श्वासावाटे जाऊन फुफ्फुसाचे दुखणे जडू शकते हे डॉक्टरांकडून कळल्यावर ते पात्र माळ्यावर गेले. बुलबुलांना फळे आणि किडे हवेत, दयाळाला जमिनीवरचे किडे हवेत, शिंजिराला मध आणि कोळी. बाजरीचे आमंत्रण यांपैकी कोणालाही नव्हते. मी मांडलेल्या पाहुणचाराकडे कोणी फिरकले नाही आणि आळसाने राहून गेलेल्या कोपऱ्यात मात्र बिऱ्हाड आले.

नर रूपाने देखणा. डोके हिरव्या धातूसारखे चमकणारे, छातीवर तपकिरी-लाल पट्टा, पोट पिवळेधमक. विणकामात मात्र त्याने एक काडीही आणलेली मी पाहिली नाही. त्याचा बराचसा वेळ खाली पार्किंगमधल्या स्कूटरींच्या आरशांशी भांडण्यात जाई. आरशातला ‘तो दुसरा’ आपल्या हद्दीत शिरला आहे या समजुतीने तो काचेवर चोची मारत बसे. शेवटी वॉचमनने दोन आरशांवर दुधाच्या पिशव्या चढवल्या. सुगरणीत नेमके उलटे असते. नाव बायकी असले तरी विणतो तो नर. १९३० च्या सुमारास पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, सुगरणींची वसाहत दिवसच्या दिवस न्याहाळली आणि दाखवून दिले की नर अर्धे घरटे विणून ठेवतो, मादी येऊन ते आतून-बाहेरून पारखते आणि पसंत पडले तरच राहते. मग तो पठ्ठ्या दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो. हे सांगितल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, “म्हणजे दोन्हीकडे बाईलाच बघावं लागतं.”

१५ एप्रिलच्या सकाळी घरट्यातून सुईच्या टोकाएवढी बारीक चिरचिर ऐकू आली. आता मात्र नरही कामाला लागला. मला वाटे की ही दोघे जास्वंदीचा मध नेऊन पिलांना पाजत असतील. पण चोचीत दिसत ते किडे आणि बहुतेक वेळा कोळी. म्हणजे ज्याच्या धाग्यांनी घर बांधले, त्यालाच पिलांच्या तोंडी दिले.

त्याच आठवड्यात भारद्वाज आला. भारद्वाजाचे दर्शन शुभ मानणाऱ्या घरात मी सून म्हणून आले आहे. तो कंपाउंडच्या भिंतीवर दिसला की सासूबाई आजही हात जोडतात. त्या दिवशी तो भिंतीवरून शेवग्यावर आणि शेवग्यावरून थेट आमच्या कठड्यावर आला, लाल डोळ्याने घरट्याकडे पाहू लागला, आणि मला हाक मारण्याइतकाही वेळ न घालवता सासूबाईंनी हातातले लाटणे कठड्यावर आपटले. इतरांची अंडी आणि पिले तो खातो हे त्यांना गावाकडे चांगले ठाऊक होते. तो जड पंखांनी फणसाकडे गेल्यावर त्यांनी त्या दिशेने क्षणभर हात जोडले, आणि मग पोळ्या लाटायला परत गेल्या.

शेवग्याचा विषय निघालाच आहे तर तेही नोंदवते. त्याची एक फांदी दोन वर्षांपूर्वी वाळली. ती तोडावी असा सोसायटीच्या बैठकीत ठराव होता, आणि मीही त्याला हात वर केला होता. त्याच वाळक्या, मऊ फांदीत तांबट पक्ष्याने भोक पाडलेले परवा दिसले. भर दुपारी जी टुक् टुक् ऐकू येते, ती करणारा हाच. मी सेक्रेटरींना भेटून तोडणी पावसापर्यंत थांबवली आहे. पावसात ती फांदी कोणाच्या गाडीवर पडली तर बोल मला लागेल, याची कल्पना आहे.

परवा, १ मेला, सुट्टी होती म्हणून मी घरी होते. साडेसातच्या सुमारास पहिले पिल्लू दारातून डोके काढून बराच वेळ पाहत राहिले आणि मग उडण्यापेक्षा पडल्यासारखे जास्वंदीवर गेले. दुसरे नऊपर्यंत हलले नाही. आई चोचीत काहीतरी घेऊन येई, दारासमोर फडफडे आणि न देताच परत जाई. चौथ्या-पाचव्या वेळी तेही निघाले. संध्याकाळपर्यंत त्यांची चिरचिर शेजारच्या आवारात ऐकू येत होती.

आज सकाळी टॉवेल घालताना मादी पुन्हा आली. घरट्यात शिरली नाही. बाहेरून लोंबणारे दोन-तीन धागे तिने ओढून काढले, चोचीत घेतले आणि फणसाच्या दिशेने उडून गेली. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिले आणि म्हणाल्या, “दुसरं बिऱ्हाड थाटत्ये. गजातलं जाळं पण असू दे हो, तिला लागेल.”