कागदावर उमटलेलं नाव

वॉशिंग्टनच्या ज्युडिशियरी स्क्वेअर स्टेशनातून वर आले, तर भिंतीपाशी एक आजी कागद धरून पेन्सिल घासत होत्या. एकेक अक्षर उमटत होतं. कर्तव्य बजावताना प्राण गेलेल्या पोलिसांचं हे स्मारक १९९१ चं. दर वसंतात नवी नावं कोरतात.

ऑफिसात सहकाऱ्याला विचारलं, या पोलिसांच्या सन्मानाची विधेयकं दोन्ही पक्ष मिळून आणतात, तरी रखडतात कशी?

"विरोध कुणाचाच नाही ना, म्हणून घाईही कुणाला नाही."

मे महिन्यात पोलीस सप्ताहाची भाषणं होतात. पण काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, दोन वर्षं संपली की अडकलेलं विधेयक बाद, पुन्हा पहिल्यापासून. (आपली 'तत्त्वतः मान्यता' आठवली!)

आजींनी कागदाची घडी नाही घातली. अलगद गुंडाळून पिशवीत ठेवला. कोणाचं नाव होतं ते?