तुम्ही विचारलंत म्हणून: शाळा बंद पडल्यात, टॅबलेट कुठले घेऊ?

पूर आला, भूकंप झाला, साथ पसरली, कुठे युद्ध पेटलं, की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे मनापासून विचारतात. कुणी पैसे गोळा केलेले असतात, कुणाकडे कंपनीचा निधी असतो. मी प्रत्येकाला आधी उलट विचारते: त्या मुलाशी सध्या अभ्यासाबद्दल बोलतंय कोण? शाळा बंद पडली तरी पुस्तकं पुष्कळदा घरात असतात. नाहीसं होतं ते "थांब, पुन्हा करून दाखव" म्हणणारं माणूस. ते माणूस मुलापर्यंत पोचेल असं जे साधन घरात आधीपासून आहे, तेच वापरावं, असं माझं ठाम मत आहे.

२०२० साली जगभरात दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले. त्याच वर्षी युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की ३ ते १७ वयोगटातल्या दोन तृतीयांश मुलांच्या, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेटच नव्हतं. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांत पाहणी झाली. तिथल्या ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी जेमतेम ८ टक्के निघाली. घरात स्मार्टफोन होता तिथेही तो पुष्कळदा मोठ्यांच्या खिशातून कामावर जायचा.

म्हणून मला रेडिओचं मोल वाटतं. निकाराग्वात १९७० च्या दशकात रेडिओवरून गणित शिकवलं गेलं. त्या पद्धतीच्या पाठात निवेदक प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. ती शांतता संहितेत मोजून लिहिलेली असते, कारण मुलांनी मोठ्याने उत्तर द्यायचं ते तेवढ्यात. सिएरा लिओनमध्ये इबोलामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा रेडिओवर धडे सुरू झाले आणि २०२० मध्ये कोरोना आल्यावर तोच अनुभव कामी आला. आपत्ती यायच्या आधी तयार असलेली गोष्टच आपत्तीत उपयोगी पडते. एरवी सगळं वरातीमागून घोडं.

पण रेडिओला मुलाचं उत्तर ऐकू येत नाही. फोनला येतं, तोही साधा बटणांचा असला तरी चालतो. बोट्स्वानात २०२० मध्ये काही घरांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणं मेसेजने पाठवली, तर काहींना मेसेजच्या जोडीला १५-२० मिनिटांचा फोन केला. नुसत्या मेसेजने म्हणावा असा फरक पडला नाही. फोन आलेल्या मुलांचं गणित सुधारलं. पुढे भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडातही हा प्रयोग झाला, फोनचा फायदा तिथेही दिसला, आणि सरकारी शिक्षकांनी तो संस्थांच्या कार्यकर्त्यांइतकाच चांगला राबवला. मला यातलं हे शेवटचं सर्वांत मोलाचं वाटतं.

त्या फोनवर नेमकं काय होतं ते सांगते. ५२ वजा ३८ किती, असं विचारलं. मूल म्हणतं, २६. उत्तरपत्रिकेत ही फक्त एक फुली. पण ऐकणाऱ्या बाईंना लगेच कळतं की पोराने पाचातून तीन काढले आणि दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढले. म्हणजे त्याला वजाबाकी येते, दशक सुटा करायचं तेवढं राहिलंय. मग बाई ५२ सोडून देतात आणि विचारतात, बारातून आठ गेले तर? चार. हे बारा कुठून आणशील? इथे बराच वेळ कुणी बोलत नाही, आणि बाईंनी ते उत्तर स्वतः सांगून टाकायचं नसतं. फोनमागे आई बसलेली असते, तीही ऐकते. पुढच्या आठवड्याचं उदाहरण या मिनिटावर ठरतं.

फोन म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही सांगायला हवं. सिएरा लिओनमध्ये रेडिओच्या धड्यांना शिक्षकांच्या फोनची जोड दिली, तेव्हा घरातला अभ्यास वाढला पण परीक्षेतले गुण वाढले नाहीत. म्हणून कुणी "आम्ही इतके हजार फोन केले" असं सांगितलं की त्या वीस मिनिटांत नेमकं झालं काय, हे मी विचारते.

आता शाळा उघडल्यानंतरचं. इथे मात्र मदत करणारे पांगलेले असतात, आणि माझ्या मते खरी गरज इथेच सुरू होते. पाकिस्तानात २००५ च्या भूकंपानंतर शाळा सरासरी चौदा आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी अभ्यासकांनी मुलांची चाचणी घेतली, तर भूकंपाच्या भेगेजवळची मुलं लांबच्या मुलांपेक्षा दीड वर्षाएवढी मागे! बुडाले महिने, तूट निघाली वर्षांची. याचं एक पटणारं कारण असं की वर्ग भरल्यावर अभ्यासक्रम होता तिथून पुढे हाकला गेला आणि ज्यांचं मागचं राहिलं होतं त्यांना पुढचंही कळेनासं झालं. ज्यांच्या आईचं प्राथमिक शिक्षण पूर्ण झालं होतं, त्या मुलांमध्ये ही तूट दिसली नाही. घरात विचारायला कुणीतरी होतं, असा मी याचा अर्थ लावते.

स्क्रीनचा उपयोग इथे आहे. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर अभ्यास झाला: शाळा सुटल्यावर मुलं केंद्रात येत, निम्मा वेळ संगणकावर, निम्मा वेळ लहान गटात शिक्षकासोबत. संगणक मुलाची इयत्ता न बघता त्याला काय येतं ते बघून उदाहरण द्यायचा. साडेचार महिन्यांत ही मुलं गणितात इतरांच्या दुपटीहून अधिक पुढे गेली. याउलट पेरूने लाखो लॅपटॉप वाटले, आणि २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात भाषा-गणितात फरक सापडला नाही. यंत्र हातात पडलं, पण त्यावर काय आणि कसं शिकवायचं याची जोड फारशी नव्हती.

तेव्हा टॅबलेट घेणारच असाल तर कुठलेही टिकाऊ घ्या, घरोघर वाटू नका, शाळेत किंवा वस्तीतल्या एका खोलीत ठेवा. धडे इंटरनेटशिवाय चालणारे, मुलांच्या भाषेतले हवेत. चार्जिंगची, दुरुस्तीची आणि तिथे बसणाऱ्या ताईच्या मानधनाची सोय आधी करा, उरलेल्या पैशांत मावतील तेवढेच टॅबलेट आणा.

आणि आपत्ती आली नसेल तर आणखी चांगलं. प्रत्येक वर्गाची फोन नंबरांची यादी करायला पैसे द्या: घरचा एक, शेजाऱ्याचा एक, दर सहामाहीला तपासलेले. युगांडात शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या त्या पूर्णपणे उघडल्या जानेवारी २०२२ मध्ये. एवढ्या काळात कोण कामाला लागलं, कुणाचं लग्न लावून दिलं, हे हजेरीपटावरून कळत नाही. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात न आलेल्या मुलांच्या घरी त्या यादीवरून फोन लावायचे. रिचार्जचा खर्च तुम्ही उचला, बोलणाऱ्या बाई शाळेत आहेत.