तिसरी पसंती

मंगळवार, १० जून २०२५

दुपारपासून हात चालत नाही. दोन कॉलर उलट्या बसवल्या, उसवल्या, परत बसवल्या. ही म्हणाली, डोळे तपासून घ्या एकदा. डोळ्यांना काही झालेलं नाही.

वाडीवरच्या आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. सोमवारी शाळा उघडतेय, त्यामुळं मापं द्यायला रीघ लागलीय. पोरगं दुसरीतलं, काटकुळं. मी छातीचं माप घेत होतो आणि आजी भिंतीकडं बघत होत्या. ओल येते म्हणून प्रचाराचा एक फ्लेक्स मी तिथं पाठ पुढं करून ठोकलाय. त्याचा खालचा कोपरा सुटून पुढं दुमडला होता. नाव नाही, फोटो नाही, नेमकं चिन्ह तेवढं दिसत होतं.

"ही साहेबांची तुतारी न्हवं का? ह्यालाच दाबलं म्या," आजी म्हणाल्या. "दिसत न्हाई नीट, पर बोट खाली खाली नेत गेले आन् गावली."

मी टेप धरून तसाच उभा. आजींचा चेहरा असा खुलला होता की अवघड काम आपण एकटीनं नीट पार पाडलं. "तुमीबी साहेबांचंच काम केलं व्हय?" म्हणाल्या. मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. वहीत छाती चोवीसच्या जागी बावीस लिहिली, ते पोरगं गेल्यावर लक्षात आलं.

त्यांनी शरद पवार साहेबांच्या पक्षाची तुतारी म्हणून दाबली ती तुतारी नव्हती. तो ट्रम्पेट होता, आपल्याकडं सगळे पिपाणी म्हणतात तो. तो माझा होता. गेल्या नोव्हेंबरात विधानसभेला मी अपक्ष उभा होतो, तेव्हाचं माझं चिन्ह.

२,४१८. गल्ल्याच्या झाकणाला आतून मी हा आकडा मार्करनं लिहून ठेवलाय. सुटे द्यायला झाकण उघडलं की तो दिसतो. २३ नोव्हेंबरला मतमोजणी केंद्रातून बाहेर पडलो तेव्हा अनामत गेली होती. वैध मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही की दहा हजार सरकारजमा, हे अर्ज भरतानाच ठाऊक होतं. त्याचं दुःख केलं नाही. ज्याच्यामागं पक्ष नाही, कारखाना नाही, दूधसंघ नाही, अशा शिंप्याला दोन हजार चारशे अठरा माणसांनी मत दिलं, हेच घरी सांगितलं. खर्चाची मर्यादा ४० लाखांची होती. माझ्या खर्चाच्या नोंदवहीत शेवटी ६३ हजार ४०० भरले, तेही बहुतेक चहा आणि रिक्षाभाडं. जानेवारीत धंदा अगदी बसला होता, बँकेचा माणूस दोनदा येऊन गेला, तेव्हाही रात्री तो आकडा मनात धरूनच झोपलो. कुणीतरी आपलं ऐकलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आज तो अर्थ आजींनी पाच मिनिटांत नेला. त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

जेवणं झाल्यावर फॉर्म २० काढला, म्हणजे केंद्रावार मतांचा तक्ता. निकालानंतर तो मी छापून घेतला होता, पण शेवटच्या बेरजेपलीकडं कधी नीट वाचला नव्हता. आज पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. जिथं पायी फिरलो त्या केंद्रांवर निळ्या खडूची खूण केली, जिथं कधी पाय ठेवला नाही तिथं पांढरी. तालुक्याच्या गावात, आमच्या पेठेत, घरटी हात जोडून आलो. तिथं १९, २३, ११, १४. नदीपलीकडच्या गावांत माझं पत्रकसुद्धा पोचलं नव्हतं. तिथं ५२, ६१, ३८. आजींच्या वाडीच्या केंद्रावर ४७. त्या वाडीत मला नावानं ओळखणारं एक घर नाही.

नोव्हेंबरात हे कुणी दाखवलं असतं तर म्हणालो असतो, बघा, नाव किती लांब गेलं. म्हणालोही होतो, हिच्यापाशी. ती तेव्हा काही बोलली नव्हती.

निळ्या खुणांची बेरीज ३९० भरली. बाकीची सगळी साहेबांची असतील असं नाही. काहींनी खरंच माझ्यासाठी दिली असतील, काहींनी कुणावर तरी राग म्हणून. पण हे निवडून काढायचं कसं? मत गुप्त असतं. ज्याचं त्याला ठाऊक, आणि आजींसारख्यांना तर तेही नाही.

खरं दुखतंय ते वेगळंच आहे. ते आज लिहितोच.

२८ ऑक्टोबर, वसुबारस. तहसील कचेरीत अर्ज भरायला गेलो होतो. सोबत माझे सूचक होते. अपक्षाला दहा लागतात, पक्षवाल्याला एक पुरतो. काज-बटणवाला, इस्त्रीवाला, शाळा समितीचे दोघे, माझ्याकडं शिकून स्वतःची दुकानं टाकलेली पोरं. दहाही सह्या मी हाताला धरून आणल्या होत्या, आणि त्या माणसांबद्दल माझ्या मनात आजही काही शंका नाही. अर्जात पसंतीची तीन चिन्हं लिहायची असतात. पहिलं शिलाई मशीन, त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. दुसरं फळा, शाळेचा. तिसऱ्याला पेन थांबलं.

अण्णा कानाशी म्हणाले, "ट्रम्पेट टाक. आपसूक मतं येतात त्याला."

अण्णांचा दोष नाही. त्यांनी ठाऊक होतं ते सांगितलं, आणि मलाही ते ठाऊक होतं. लोकसभेला शेजारच्या साताऱ्यात काय झालं ते कुणाला माहीत नव्हतं? साहेबांच्या तुतारीवाल्या उमेदवाराला हरवून उदयनराजे ३२,७७१ मतांनी आले, आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला पडली ३७,०६२. तेव्हा यादीत ट्रम्पेटला मराठीत तुतारीच म्हटलं होतं. साहेबांच्या पक्षानं तक्रारी केल्या. विधानसभेला नाव ट्रम्पेट झालं, पण चित्र राहिलंच. ज्याला वाचता येत नाही त्याला नावाचा काय उपयोग? चिन्हं असतातच मुळी त्याच्यासाठी.

४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली आणि चिन्हं वाटली. शिलाई मशीन आणखी एकानं मागितलं होतं. चिठ्ठी टाकली, त्याला गेलं. फळा एका नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला, त्यांचा हक्क आधी असतो. मला ट्रम्पेट. बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगितलं, नशिबानं आलं. सात महिने तेच सांगतोय. मशीन नशिबानं गेलं, हे खरं. ट्रम्पेट नशिबानं आला नाही. तो मी माझ्या हातानं लिहिला होता.

आमच्याकडं निकाल अठरा हजारांच्या फरकानं लागला, म्हणून माझ्या नावानं कुणी बोटं मोडली नाहीत. बेलापूरला साहेबांचा उमेदवार ३७७ मतांनी पडला, आंबेगावला १,५२३ मतांनी, आणि दोन्हीकडं ट्रम्पेटला त्याहून जास्त मतं पडली. आमच्याकडं तसं झालं असतं तर आज या पेठेत दुकान उघडं ठेवता आलं असतं का? काहीच झालं नाही, म्हणून मी सुटलो. पण सुटलो म्हणजे केलं नाही, असं होत नाही ना.

हे सगळं गणवेशापायी. २०२४ च्या वर्षी सरकारनं 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड वरून धाडलं आणि शिलाई बचत गटांकडं दिली. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीला एका गणवेशाचे ३०० रुपये मिळायचे आणि समिती गावातल्याच शिंप्याकडं यायची. माझ्याकडं अकरा शाळा होत्या. मे-जूनमध्ये सहा मशीन दोन पाळ्यांत चालायच्या आणि त्यावर वर्ष निघायचं. त्या वर्षी एकही शाळा आली नाही. पोरांचंही धड झालं नाही. कित्येक शाळांत १५ ऑगस्ट उलटला तरी गणवेश पोचले नव्हते, आणि आले ते कुणाला ढगळ, कुणाला घट्ट. त्या बायकांना तरी काय मिळालं? स्काऊटच्या गणवेशाचा भाव ११० रुपये होता. त्यातल्या दोघी माझ्याचकडं शिकलेल्या. त्यांच्याशी मी तेव्हा जे बोललो, ते आता नको.

मला विधानसभेत जाऊन एवढंच सांगायचं होतं की पोराचं माप घ्यायला पोराजवळ यावं लागतं. सभेत हे वाक्य म्हटलं की बायका मान हलवायच्या. एका ठिकाणी टाळ्याही पडल्या होत्या. ती माणसं खरी होती. मी कुणाला फसवायला उभा राहिलो नव्हतो, हेही तितकंच खरं आहे. मग तिसऱ्या रकान्यात ते का लिहिलं? शिलाई मशीन मिळालं असतं आणि ३९० मतं पडली असती, तर झाकणावर ३९० लिहिले असते का? संध्याकाळपासून या प्रश्नाशी अडलोय. नसते लिहिले. लाज वाटली असती. आणि आज तेच ३९० निळे आकडे सगळ्यात जवळचे वाटतायत. इस्त्रीवाल्याच्या गल्लीतले १४ मी तीनदा मोजले.

डिसेंबरात सरकारनं निर्णय फिरवला. २०२५-२६ पासून गणवेश पुन्हा शाळा समित्यांकडं. माझ्या निवडणुकीला महिना झाला होता. तेव्हा रागच आला. ज्यासाठी हिची पाटली मोडली ते आपल्यावाचूनच झालं, असं वाटलं. आज तसं वाटत नाही. अकरापैकी सात शाळा परत आल्यात, चार मशीन चालू आहेत. आजींचा नातू त्यातल्याच एका शाळेतला. निर्णय फिरला नसता तर आजी या दुकानात आल्याच नसत्या, आणि मी तो आकडा असाच जपत बसलो असतो.

हिला सगळं सांगितलं. तिसऱ्या रकान्याचंही. ती बटणं लावत होती. म्हणाली, "मला माहीत होतं. अण्णांनी त्याच दिवशी सांगितलेलं." थोड्या वेळानं म्हणाली, "आजींना सांगणार का?"

सांगावं लागेल. पण काय सांगू? तुमचं मत साहेबांना गेलंच नाही, मला आलं? त्यांनी एवढ्या भरवशानं बोट दाबलेलं. सांगून मी हलका होईन आणि त्या घरी जाऊन हळहळतील. नाही सांगितलं तर पुढच्या वेळी पुन्हा खाली खाली बोट नेत जातील. तेव्हा तिथं आणखी कुणी असेल.

झाकणावरचा आकडा पुसून बघितला, मार्कर निघत नाही. मग त्याखाली एक वजा केला. ज्या मताचं नक्की ठाऊक आहे ते एवढं एकच. २,४१७.

बावीसचं चोवीस करून कटिंग करून ठेवलंय. बाही आणि खालची पट्टी जरा जास्त सोडलीय, पोरगं वाढीला लागलंय. आजी शुक्रवारी येतील. फ्लेक्स उद्या काढतो. नाहीतर असू दे, सरळ करून लावतो. आजींना चित्र दाखवूनच सांगता येईल, तुतारी कशी असते आणि ही कशी आहे ते.